आबांची केबल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राचे उत्तर राहून गेले. त्याबद्दल तू मला काय काय म्हणाला असशील याची कल्पना आहे, तेव्हा ते पुन्हा लिहिण्याचे कष्ट घेऊ नकोस. माझी शुगर आटोक्यात आहे आणि गुडघा होता तसाच आहे. आज लिहायला बसलो तो आबांमुळे. ही हकीकत दुसऱ्या कोणाला सांगितली, तर तो आबांना तरी वेड्यात काढील किंवा मला तरी.

आबांनी सीडी प्लेअर आणि डॅक (आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी पेटी) यांच्यामध्ये लावण्यासाठी एक मीटरभर लांबीची डिजिटल केबल आणली आहे, चाळीस हजार रुपयांची. तिला निळे विणलेले कव्हर आहे, दोन्ही टोकांना अंगठ्याएवढे सोनेरी प्लग आहेत, आणि आवाजाने कोणत्या दिशेने जावे हे सांगणारा एक बाणही तिच्यावर छापलेला आहे. मी गेलो त्या संध्याकाळी त्यांनी नुसता तानपुरा ऐकवला आणि तारांच्या त्या गुंजणाऱ्या झंकाराबद्दल म्हणाले, "जवारी कशी उघडली आहे बघ." ज्या माणसाने मिरजेत तानपुऱ्यांच्या दुकानांत बसून जवारी लावताना ऐकण्यात उमेदीची वर्षे घालवली, त्याच्यापुढे मी काय बोलणार? शिवाय आवाज खरोखरच मोकळा वाटत होता, हे मी तुझ्याजवळ लपवणार नाही.

आता तुला जुना वाद आठवला असेलच. होस्टेलवर तू मेसचे पैसे उडवून स्पीकरसाठी जाड तार आणलीस, तेव्हा चार ओहमच्या स्पीकरला लांब आणि बारीक तार लावली की तिचा रोध मध्ये येतो, हे मी मान्यच केले होते. तू ऐकून घेत नव्हतास एवढेच. पण त्या तारेतून प्रत्यक्ष आवाजाची लहर जात होती. आबांच्या केबलमधून आकडे जातात, आणि तेही किती थोडे! सीडीवरच्या स्टिरिओ आवाजाचे सेकंदाला १४ लाख ११ हजार बिट होतात, आणि एवढे काम ७५ ओहमची साधी कोॲक्सिअल केबल डुलक्या घेत करते. नातवाच्या ऑडिओ इंटरफेसला डिजिटल इनपुट आहे, म्हणून मी एकच सीडी जुन्या आणि नव्या केबलमधून लॅपटॉपवर उतरवून घेतली, दोन्ही ध्वनिमुद्रणे नेमकी जुळवली आणि एकातून दुसरे वजा केले. बाकी शून्य उरली. एकही आकडा वेगळा निघाला नाही. तू लगेच जिटर काढशील, म्हणजे आकडे येण्याच्या वेळेतली बारीक चुळबूळ. या जोडणीत आकड्यांना ताल देणारे घड्याळही त्याच संदेशातून येते, म्हणून तुझा मुद्दा तत्त्वतः खरा आहे. पण आबांचा डॅक ते घड्याळ स्वतः सावरून घेतो, आणि मीटरभर केबलने त्यात ऐकू येण्याजोगी भर घालावी, असे मला तरी वाटत नाही.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. पंचाईत अशी झाली की, त्याच घरात दुसऱ्या एका केबलने खरोखरच दगा दिला. वरच्या खोलीतला जुना प्रोजेक्टर काढून त्यांनी ४के घेतला, आणि भिंतीतल्या पाइपमधून पूर्वी ओढलेली बारा मीटरची एचडीएमआय केबल तशीच ठेवली. पडद्यावर पांढरे ठिपके चमकू लागले आणि मधूनच सगळा पडदा काळा होऊ लागला. मी प्लेअर ४केपेक्षा कमी बारकाव्याच्या १०८०पी चित्रावर आणला, तर ठिपके तत्क्षणी गेले, आणि रोग कळला. १०८०पीला सेकंदाला साडेचार अब्जांच्या आसपास बिट लागतात, तर साठ फ्रेमच्या ४केला जवळजवळ अठरा अब्ज. वारंवारता आणि लांबी वाढली की तांब्याच्या तारेतला संदेश इतका क्षीण आणि फिसकटलेला होतो की समोरच्या टोकाला शून्य कोणते आणि एक कोणता हे ओळखता येत नाही. ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय केबल ओढून घेतली आणि प्रश्न मिटला. (तिला मात्र खरोखरच दिशा असते. प्लेअरचे टोक वेगळे आणि पडद्याचे वेगळे. उलटी ओढली असती तर पुन्हा पाइपशी झटापट.)

झाले! आबांच्या दुकानदाराला आयते कोलीत मिळाले. केबल बदलून चित्र सुधारले ना, मग आवाज का सुधारणार नाही, असे तो म्हणतो, आणि आबांना ते पटते. वास्तविक चित्र सुधारलेले नाहीच. रंग पूर्वी होते तेच आहेत, केवळ ठिपके गेले. डिजिटल केबल कमी पडली की ठिपके येतात, आवाज तुटतो किंवा सगळेच बंद पडते; जवारी थोडीशी मिटलेली आणि मग उघडलेली, असले नाजूक बिघाड तिला जमत नाहीत. आता तो त्यांना राउटरपासूनची नेटवर्क केबलही तसलीच घ्यायला सांगतो आहे. तिथे तर फाइल आणताना माहितीचे बिघडलेले पाकीट (पॅकेट) टाकून देऊन नवे मागवले जाते. त्या केबलसाठी आबा मुदतठेव मोडायला निघाले आहेत, काकूंच्या नावाची.

मग आवाज मोकळा कसा झाला? याचे उत्तर मला जमिनीवर सापडले. नवी केबल लावताना आबांनी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले होते. पूर्वीच्या जागी त्यांच्या पायांचे चार-चार डाग फरशीवर स्पष्ट दिसत होते. भिंतीला चिकटलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि वरच्या स्वरांना झाकून टाकतो, हे त्यांनीच आपल्याला शिकवले होते. म्हणजे त्यांचे कान बरोबर आहेत, फक्त श्रेय भलत्याला गेले आहे. पण हे मी सांगितले, तर ते चिडतील की त्यांना जवारी ऐकू येणेच बंद होईल, याचा मला अंदाज बांधता येत नाही, आणि दुसऱ्या शक्यतेची भीती मला जास्त वाटते.

म्हणून तूच फोन कर. माझे म्हणणे ते 'इंजिनिअरचे' म्हणून बाजूला सारतात, आणि तू तर तारांचा पक्षपाती म्हणून प्रसिद्ध आहेस. चाळीस हजारांबद्दल चकार शब्द काढू नकोस, ते गेले ते गेले. फक्त स्पीकर कुठे ठेवलेत ते विचार, आणि ते सांगू लागले की नेटवर्क केबलवर ये. बँकेत जाण्याचे त्यांनी सोमवारी ठरवले आहे, तेव्हा रविवार चुकवू नकोस.

मेधाचे ऑपरेशन नीट पार पडले हे वाचून बरे वाटले. चिरंजीवांच्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. सविस्तर पुढच्या पत्रात. दुपारी दोन ते चार आबा झोपतात, त्या वेळी फोन करू नकोस.

तुझा,
विनायक