दादांची करवत

माशेल, गोवा
१२ जून

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

आठ महिन्यांत तुला एक ओळही लिहिली नाही, आणि आज लिहायला बसलो तो एक चूक कबूल करण्यासाठी. आम्ही सर्व ठीक आहोत. आईचा गुडघा होता तसाच आहे.

दादांची करवत माझ्या हातून बिघडली.

तुमच्या परसातला विहिरीकाठचा फणस मे महिन्याच्या अखेरच्या वाऱ्यात आडवा झाला, हे धाकट्याने तुला कळवले असेलच. चेनसॉवाला दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहिला, पण दादांनी लावलेल्या झाडाला दादांचीच करवत लागावी असे मला फार वाटले. माळ्यावरून ती उतरवली तेव्हा ती पोत्यात गुंडाळलेली होती आणि इतक्या वर्षांनंतरही खोबरेलाचा हात तिच्यावर दिसत होता. मुठीवरचा पितळी बिल्ला चिंचेने घासला तेव्हा ‘एच. डिस्टन अँड सन्स’ ही अक्षरे पुन्हा उमटली. हेन्री डिस्टनने फिलाडेल्फियात १८४० मध्ये करवतींचा धंदा मांडला आणि १८५५ मध्ये स्वतःचे पोलाद ओतायला सुरुवात केली, हे मी आता वाचून काढले आहे. ते घराणे १९५५ मध्ये विकले गेले. तुझ्या आजोबांनी ती मुरगाव बंदरावरून खांद्यावर घालून आणली, एवढीच आपली माहिती होती.

ओल्या लाकडासाठी अशी करवत आता आपल्या भागात मला कोणाकडे दिसत नाही. साध्या सुतारी करवतीने ओला फणस कापायला घेतला, तर चिकाने लडबडलेला भुसा दातांमध्ये दाटून बसतो आणि पाते जागच्या जागी धरले जाते. हिच्या दर पाच दातांपैकी चार टोकदार दात लाकडाचे तंतू दोन्ही कडांनी चिरतात, आणि पाचवा, जो जेमतेम अर्धा मिलिमीटर आखूड आहे, तो मधला भाग खरवडून खाचेत लोटतो. त्या पाचव्याला दादा ‘नांगऱ्या’ म्हणत, ते तुला आठवत असेल. नांगऱ्या नीट चालला की भुसा पडत नाही, ओल्या शेवया पडतात. पाते दातांकडे जाड आणि पाठीकडे पातळ आहे, त्यामुळे ते चिरेत सैल फिरते.

दात बोथट झाले होते, म्हणून मी ती धार लावण्यासाठी एकाकडे दिली. ‘कानशीनेच घास’ असे त्याला दोनदा सांगितले होते, तरी त्याने ग्राइंडर लावला. परत आणली तेव्हा मधल्या चार दातांची टोके मोरपिशी निळी झाली होती. दाताचे पातळ टोक एकदम लाल तापले की मागचे गार पाते त्याची उष्णता झटक्यात ओढून घेते आणि टोक काचेसारखे कडक व ठिसूळ होते. घरी येऊन मी त्यावर कानस टेकवली, तर ती किरकिरत घसरली, धातूचा कणही निघाला नाही. त्यातला एक दात किंचित वळवायला गेलो आणि तो मोडला. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा अंगणात उडाला. तो मी शोधून काढला आणि काड्यापेटीत ठेवला आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या माणसाला मी बोललो, पण करवत सोपवली मीच होती.

आता प्रश्न असा आहे की पुढे काय करावे. सर्व दात घासून तुटलेल्या दाताच्या पातळीवर आणले तर धार एकसारखी होईल, पण पात्याची सबंध कड तीनेक मिलिमीटरने जाईल आणि दातांमधल्या खाचा उथळ होतील. ओल्या लाकडात तर सारे काम त्या खाचांवरच चालते. माझे मन म्हणते की तुटलेली जागा तशीच रिकामी ठेवावी, बाकीचे दात तिचा भार वाटून घेतील, आणि जळालेले तीन दात हिऱ्याच्या कानशीने, पाणी लावत, हळूहळू खाली आणावेत. मात्र करवत तुझ्या घरची आहे. तुझे उत्तर येईपर्यंत मी कानस हातात घेणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे. १९८७ च्या पावसात आंबा कापताना पाते मध्येच वाकले, तू म्हणालास की मी ढकलले, मी नाही म्हणालो, आणि चवथीपर्यंत आपण एकमेकांशी बोललो नाही. ‘दोन बैल, दोन दिशा’ असे म्हणून दादा हसले होते आणि त्यांनी पाते दगडावर ठोकून सरळ केले होते. दोघांनी मिळून कापताना प्रत्येकाने फक्त ओढायचे असते, ढकलले की पातळ पाते चिरेत मुडपते. सदा, मी ढकलले होते. दादांच्या हातोडीच्या खुणा आजही पात्यावर आहेत, बोट फिरवले की लागतात.

तुझी बदली झाली का? वहिनींचा हात बरा झाला असेल. लेकीच्या निकालाबद्दल तिला माझ्याकडून शाबासकी दे.

करवतीच्या टोकाची दोन भोके रिकामी आहेत. तिथे बसणारी, दुसऱ्या माणसाने धरायची छोटी मूठ दादा गेले तेव्हा तू पुण्याला नेलीस. चवथीला येताना ती घेऊन ये. फणसाचा बुंधा मी दोन ओंडक्यांवर उचलून ठेवला आहे आणि त्याच्या कापल्या टोकांना जाड रंग फासला आहे, म्हणजे तोपर्यंत तो ओलाच राहील.

तुझा,
विनू