गॅरेजचं काम आणि मार्गशीर्षातला मुहूर्त

एडमंटन, कॅनडा
२० ऑक्टोबर २०२४

ती. आबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघंही खुशाल आहोत. चिऊचा खोकला पूर्ण बरा आहे, हे आधीच सांगते, नाहीतर आई तेवढंच शोधत पत्र वाचेल. द्राक्षांची छाटणी आटोपली का? परतीच्या पावसाने डावणी रोग आला नाही ना? छोटू फोनवर "सगळं ठीक" एवढंच म्हणतो, आणि त्याचं ठीक मला माहीत आहे.

रविवारी आमचं गॅरेज गरम करून घेतल्याचं सांगत होते आणि फोन मध्येच राहिला. आबा, तुम्ही विचारलंत, "माणसं घरात राहतात, मग गाडीच्या खोलीला ऊब कशाला?" आणि आई म्हणाली, "बाईमाणसाने शिडीवर चढायची काय गरज?" ते मनात राहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इथली एक रीत सांगते, त्याशिवाय बाकीचं कळणार नाही. इथे हिवाळ्यात गाड्या रात्री विजेच्या प्लगला लावतात. विजेवर चालणाऱ्या नव्हे, साध्या पेट्रोलच्या. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक वायर लोंबत असते. ती इंजिनातल्या छोट्या हीटरची. बाहेर उणे ३० झालं की इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरीचा जोर निम्माही राहत नाही. आपला जुना ट्रॅक्टर डिसेंबरात पहाटे कसा कुरकुरतो? त्याच्या कितीतरी पट. म्हणून निघण्याआधी तीन-चार तास तरी तो हीटर चालू लागतो. कितीतरी इमारतींच्या, ऑफिसांच्या पार्किंगमध्येही गाडीसमोर प्लगचा खांब असतो. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, हे गाड्या चार्ज करतात. सकाळी वायर काढायची, गुंडाळायची, हातमोजे काढून नाही, नाहीतर बोटं बधिर होतात. आणि एखाद्या रात्री लावायचं राहिलं, तर सकाळी गाडी नाही.

तसं एकदा झालं. तेव्हा तुम्हाला सांगितलं नाही, आता सांगते. रागावू नका.

यंदाच्या जानेवारीत इथे उणे ४० च्या आसपास थंडी होती. १३ तारखेच्या संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर एकदम भोंगा वाजला. अल्बर्टा प्रांताच्या विजेवर ताण आला आहे, नको ते दिवे बंद करा, गाड्यांचे प्लग आत्ता लावू नका, असा सरकारी संदेश होता. लोकांनी ऐकलं. थोड्याच वेळात २०० मेगावॅटचा भार उतरला आणि गावं अंधारात जायची वाचली. मीही आमचा प्लग काढला. चिऊला ताप होता, तिच्याजवळ आडवी झाले, आणि पुन्हा लावायला उठलेच नाही. पहाटे ताप फार चढला तेव्हा गाडी हूं का चूं करेना. हे रात्रपाळीला गेलेले. शेजारच्या आजोबांनी आम्हाला दवाखान्यात नेलं. त्यांचं गॅरेज गरम असतं, त्यांची गाडी एका किल्लीत निघाली. चिऊला काही झालं नाही, साधा ताप होता. पण त्या पंधरा मिनिटांत मी काय काय मनात आणलं, ते मलाच माहीत. त्या दिवशीच ठरवलं होतं.

आमचं गॅरेज घरापासून वेगळं, अंगणाच्या टोकाला, मागच्या गल्लीकडे तोंड करून. २२ बाय २४ फूट. लाकडी सांगाडा, आतून उघडा. आत उभं राहिलं तरी थंडी तीच, फक्त वारा लागत नाही. दर १६ इंचांवर उभा वासा, त्या मधल्या खणांत फायबरग्लासच्या गुलाबी गाद्या बसवल्या. कोंबून भरायच्या नाहीत. ऊब गादीतल्या कोंडलेल्या हवेत असते, दाबली की गेली. अंगाला खाज सुटते, म्हणून पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क घालूनच काम केलं. शिडी ह्यांनी धरली होती, आई.

त्यावर आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा कागद. आबा, शेततळ्याला तुम्ही ५०० मायक्रॉनचा टाकलात, हा १५० चा. तळ्यात पाणी राहावं म्हणून कागद, इथे पाणी भिंतीत शिरू नये म्हणून. आतली गरम हवा वाफ घेऊन भिंतीत शिरते, थंड फळीला लागली की तिथेच गोठते आणि वसंतात वितळून लाकूड कुजवते. म्हणून कागद उबेच्या बाजूला आणि प्रत्येक सांधा काळ्या चिकट लुकणाने बंद. विजेच्या बोर्डांभोवतीसुद्धा. सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला, पण मी एकही सांधा सोडलेला नाही.

छतावर मात्र उलटं. तिथे हवा खेळती ठेवावी लागते. आधी छताला कागद आणि जिप्समचे पत्रे मारले, मग भाड्याच्या मशीनने वरच्या पोकळीत कागदाचा भुगा फुंकला. वळचणीपाशी मात्र भुग्याने वाट बुजू नये म्हणून पन्हळी लावल्या, म्हणजे हवा खालून शिरते आणि वरून निघते. आपली कांद्याची चाळच. हे मला पुस्तक न वाचता कळलं, ते तुमच्यामुळे.

हीटर गॅसचा आहे. गॅसचं आणि विजेचं काम आम्ही केलं नाही, परवाना काढून लायसन्सवाल्यांकडून करवलं. धूर नळीने थेट बाहेर जातो, शिवाय विषारी वायूचा अलार्म लावला आहे. आईने बातमी वाचली ती बंद खोलीतल्या शेगडीची होती. हे तसं नाही.

आणि आम्ही तिथे काही उन्हाळा करणार नाही. काटा ५ अंशांवर ठेवायचा, गाडीला तेवढं पुरतं. म्हणजे बाहेर उणे ३० असताना आत निफाडची पहाट. बागेत मणी तडकू नयेत म्हणून तुम्ही शेकोट्या पेटवून रात्र काढता, त्यातलंच हे. खिडकीखाली एक लांब टेबलही बसवलं आहे. मागच्या वेळी आलात तेव्हा दिवसभर घरात बसून तुमचे हात अवघडले होते, ते मी पाहिलं होतं.

आता पैशांचं. सगळं मिळून साडेआठ हजार डॉलर गेले, आपले पाच लाखांच्या वर. छोटूच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले त्यातच होते. दोन लाख म्हटलं होतं, दिवाळीआधी एक पाठवते, उरलेले फेब्रुवारीपर्यंत नक्की. हॉलवाल्याला तेवढं थांबवा. छोटूला मीच सांगेन, तुम्ही सांगू नका.

तिकीट काढलं आहे, पण माझं एकटीचंच, आठ दिवसांचं. मुहूर्ताच्या दोन दिवस आधी पोचेन. तीन तिकिटं आत्ता होत नाहीत आणि ह्यांना रजाही नाही. नवरीकडच्यांना रजेचंच सांगा, तेही खरंच आहे. हळदीला मी असेन, मेंदीला नसेन.

चिऊ करवली होणार म्हणून आईने परकर-पोलकं शिवायला टाकलंय, हे छोटूकडून कळलं. आई, ते रद्द करू नकोस. जुलैत तिला सुट्टी लागली की आम्ही तिघं येतो, तेव्हा घालेल. फक्त शिंप्याला सांग, परकराला खाली चार बोटं कापड दुमडून ठेव, पोरगी भराभर वाढतेय.

तुमची,
माई