एबी फॉर्म शेवटच्या तासाला कशाला?

महोदय,

२०२५ च्या नगरपरिषद निवडणुकीत यवतमाळ, वाशिम, देवळी, घुग्घुस येथील मतदान २ डिसेंबरवरून २० डिसेंबरवर गेले. अर्जांवरची अपिले उशिरा निकाली निघाली आणि त्यानंतर माघारीसाठी द्यायची मुदतच उरली नाही. पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने मतमोजणी सगळीकडचीच २१ डिसेंबरला झाली. वेळापत्रक राज्य निवडणूक आयोगाचे चुकले, हे खरेच. पण अर्जांचे वाद पिकतात ते पक्षांच्या कार्यालयात.

बंडखोरीच्या भीतीने पक्ष एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत दाबून ठेवतात. तो दुपारी तीनच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोचलाच पाहिजे. ‘ए’मध्ये सही करणाऱ्याला अधिकार दिलेला असतो, ‘बी’मध्ये उमेदवाराचे नाव असते. घाईत प्रभाग ३-अ ऐवजी ३-ब लिहिले जाते, ‘ए’मध्ये नाव एकाचे आणि ‘बी’वर सही दुसऱ्याची असते, शाईच्या सहीऐवजी झेरॉक्स जोडली जाते. एकाच जागेसाठी दोघांना ‘बी’ फॉर्म दिले आणि पहिला रद्द केल्याचे लेखी कळवले नाही, की भांडण ठरलेलेच.

खरा फटका सूचकांमुळे, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांमुळे, बसतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला पाच लागतात. एबी फॉर्म बाद झाला आणि अर्जावर एकच सूचक असला, तर अपक्ष म्हणूनही उभे राहता येत नाही. म्हणून तिकीट पक्के असले तरी त्याच प्रभागातल्या पाच मतदारांच्या सह्या घ्याव्यात.

छाननीच्या वेळी हरकत लेखीच द्या; तोंडी बोललेले अपिलात सिद्ध करता येत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा, कारण जिल्हा न्यायाधीशांकडे अपिलाला तीनच दिवस असतात. त्यात शनिवार-रविवार आला तर वकील गाठणेही जड जाते. थेट उच्च न्यायालयात धाव घेणाऱ्यांनी पालिका निवडणुकांत न्यायालयांच्या हस्तक्षेपाला मनाई करणारे घटनेचे कलम २४३-झेडजी आधी वाचावे. निवडणूक सुरू असताना न्यायालये सहसा हात घालत नाहीत. पोन्नुस्वामी खटल्यात १९५२ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ही वाट अडवली आहे. नंतर उरते ती निवडून आलेल्याच्या निवडीला आव्हान देणारी निवडणूक याचिका. नगरपरिषद कायद्याच्या कलम २१ प्रमाणे ती राजपत्रात नावे प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांत करावी लागते आणि तिचा निकाल लागेपर्यंत सदस्याची निम्मी मुदत सरून जाते.

पक्षांनी एबी फॉर्म किमान दोन दिवस आधी द्यावेत. आयोगानेही अपिलाचे तीन दिवस, निकालाचा अवधी आणि त्यानंतरची माघार असा हिशेब धरूनच मतदानाची तारीख ठरवावी.

— एक वाचक, दर्यापूर (जि. अमरावती)