शेजारच्या सीटवर कोण बसलंय, ते विचारा

मा. संपादक, स.न.वि.वि.

ट्रेनिंगचं विमान शेतात उतरलं किंवा रनवेवरून घसरलं अशी बातमी आली की विमान किती जुनं होतं आणि शिकाऊ पोराचं काय चुकलं हेच सगळे विचारतात, पण शेजारी बसून शिकवणाऱ्याने आजवर किती पोरं तयार केलीत हे कोणी विचारत नाही. मी राज्यातल्याच एका संस्थेतून दोन वर्षांपूर्वी सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) काढलं, म्हणून लिहितोय.

माझे पहिले इन्स्ट्रक्टर माझ्यापेक्षा फार तर तीन वर्षांनी मोठे. स्वभावाने चांगले, मेहनती, पण तिथेच उड्डाणाचे २०० तास पूर्ण करून लायसन्स घेतलेलं, एअरलाइनमध्ये लागलं नाही म्हणून असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग (शिकवण्याची परवानगी) केलं आणि लगेच शिकवायला लागले. सर्किटमध्ये (रनवेभोवतीच्या फेरीत) फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आलो की त्यांचा हात हळूच योकवर (विमानाच्या स्टीअरिंगवर) यायचा, मला वाटायचं लँडिंग मीच करतोय. पंधरा तास असंच चाललं. जरा चुकलं की "नीट कर, नीट कर" म्हणायचे, पण नेमकं काय नीट करायचं ते त्यांना सांगता यायचं नाही, कारण त्यांनाही ते कोणी कधी उलगडून सांगितलेलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

एकदा ते रजेवर असताना एअरफोर्समधून रिटायर झालेले एक सर माझ्यासोबत आले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, तेही मला दिसतील असे. विमान धप्पकन आदळलं, उडी मारली, मी गो-अराउंड घेतला, म्हणजे न थांबता परत वर गेलो. ते एवढंच म्हणाले, "तू नाकासमोरची जमीन बघतोयस, रनवेच्या पार शेवटाकडे बघ." तिसऱ्या लँडिंगला जमलं. आनंदापेक्षा मला रागच जास्त आला, कारण ट्रेनिंगला ५० लाखांच्या आसपास खर्च येतो आणि आमच्याकडे त्यासाठी शेत गहाण पडलेलं.

धप्पकन लँडिंग झालं तर चाकं सोसतात हो, पण फायनलला वळताना रनवेची लाइन ओलांडली म्हणून रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक ओढायची सवय लागली आणि त्यात स्पीड पडला तर विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगरत खाली येतं, आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. ही चूक वेळेत पकडायला शेजारच्याने ती आधी दहा जणांत बघितलेली असावी लागते.

असिस्टंटने सीनियर इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवायचं असा नियम आहे, पण माझ्या पहिल्या सरांची एकही सॉर्टी (उड्डाणाची फेरी) कोणी मागे बसून बघितलेली मला आठवत नाही. पगार तुटपुंजा, त्यामुळे जो तो आपले तास मोजतो आणि एअरलाइनचा कॉल आला की जातो, आणि आमचा अर्धा सिलॅबस नव्या माणसाच्या हातात पडतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनीही हुरळून जाऊ नये, तिथे एअरलाइनसाठी साधारण १५०० तास लागतात म्हणून शिकवणारे बरेचसे तास जमवणारेच असतात.

डीजीसीएने (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०२५ पासून फ्लाइंग स्कूलना रँकिंग द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था नव्हती. चांगलं केलं, पण त्यासोबत प्रत्येक संस्थेत फुल रेटिंगचे इन्स्ट्रक्टर किती, असिस्टंट किती आणि वर्षभरात किती जण सोडून गेले हे छापा, पालकांना ॲडमिशनच्या आधी कळू दे. आणि नव्या इन्स्ट्रक्टरचं विमान चालवणं नाही, शिकवणं तपासा, दर महिन्याला, विमानात बसून.

माझ्या बॅचचा एक मित्र आता दुसऱ्या एका संस्थेत असिस्टंट म्हणून लागलाय. मागच्या आठवड्यात रात्री त्याचा फोन आला, स्टुडंट फ्लेअर करत असताना (चाकं टेकायच्या आधी नाक उचलताना) आपला हात कुठे ठेवायचा म्हणून विचारत होता. तिथे हे विचारावं असं त्याला कोणी नव्हतं.

— एक तरुण वैमानिक, सातारा