मधला एक पक्ष गळला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या जयंतीनिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. पत्री सरकारचा, म्हणजे ब्रिटिशांविरुद्धच्या समांतर सरकारचा, भाग उत्तमच आहे. मात्र पुढे नाना शेतकरी कामगार पक्षातून (शेकाप) थेट कम्युनिस्ट पक्षात गेले, असं एका ओळीत उरकलं आहे. मध्ये आणखी एक मुक्काम होता, कामगार किसान पक्ष. 1951 साली शेकाप फुटून तो निघाला, 1952 ची पहिली सार्वत्रिक निवडणूक लढला आणि थोड्याच दिवसांत विरून गेला. नाना आणि दत्ता देशमुख हे त्याचे प्रमुख पुढारी.

मला हे ठाऊक असण्याचं कारण घरचं आहे. वडील मूळचे वाळवा तालुक्यातले. पुण्यात एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. या नव्या पक्षाची पावतीपुस्तकं त्यांच्या हातून छापून गेली. 'कामगार' झालं की हात सवयीने 'शेतकरी'च्या खिळ्यांकडे जायचा, दोनदा तसं जुळवून मोडावं लागलं, हे ते हसत सांगायचे. छापखान्यातल्या माणसाची ही गत, तर मतदाराची काय असेल? एक शेतकरी कामगार पक्ष, दुसरा कामगार किसान पक्ष. दोघेही लाल, दोघांची भाषा तीच, माणसंही कालपर्यंत एकाच सतरंजीवर बसलेली. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि मतपत्रिका पेटीवरचं चिन्ह बघून टाकायची. नव्या पक्षाने ते चिन्ह लोकांच्या डोळ्यांत भरवायचं केव्हा? मुंबई राज्याच्या विधानसभेत शेकापचे 14 आमदार निवडून आले. कामगार किसान पक्षाचे दोन.

फुटीचं मूळ दाभाडीत आहे. 1950 साली नाशिक जिल्ह्यातल्या या गावी शेकापने आपले पुढारी शंकरराव मोरे यांच्या पुढाकाराने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्याआधीच नवजीवन संघटनेची मंडळी शेकापमध्ये आलेली होती. कम्युनिस्ट पक्षाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या धोरणाला विरोध करून 1942 च्या सुमारास त्या पक्षाबाहेर पडलेला हा गट. दत्ता देशमुख त्यांच्यातले. माझ्या समजुतीप्रमाणे पुढचं भांडण शेतसाऱ्याचं वा पाण्याचं नव्हतंच. अस्सल मार्क्सवादी कोण आणि पक्ष कुणी चालवायचा, यावरून ते पेटलं. वडील नानांचे भक्त, तरी हे मान्य करायचे. गंमत अशी, की ज्यांच्याशी भांडून बाहेर पडले ते मोरे आणि केशवराव जेधे (स्वारगेटच्या चौकाला नाव आहे तेच) काही वर्षांतच काँग्रेसमध्ये परतले.

इकडे कामगार किसान पक्षाचीही पांगापांग झाली. नाना भारतीय कम्युनिस्ट पक्षात गेले, 1957 ला साताऱ्यातून आणि 1967 ला बीडमधून लोकसभेवर निवडून आले. दत्ता देशमुख लाल निशाण या डाव्या गटाच्या (पुढे पक्षाच्या) वाटेने गेले. पाणी आणि दुष्काळ या विषयांत त्यांचा शब्द पुढे सरकारलाही ऐकावा लागला. 1956 च्या फेब्रुवारीत टिळक स्मारक मंदिरात जेध्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्या झेंड्याखाली शेकाप, कम्युनिस्ट, लाल निशाण सगळे पुन्हा एका व्यासपीठावर बसले. मग पाच वर्षांपूर्वी वेगळी चूल मांडून काय साधलं, असं मी एकदा वडिलांना विचारलं होतं. ते म्हणाले, "तेव्हा लई मोठी गोष्ट वाटायची रे." लाल निशाण पक्षही 2017 साली कम्युनिस्ट पक्षात विलीन झाला, ते बघायला वडील नव्हते.

लेखकांना दोष देत नाही. हरलेल्या पक्षाचे कागद कोण जपतं? एका ग्रंथालयात मी त्या काळची पत्रकं मागितली, तर शेकापच्या गठ्ठ्यात बघा म्हणाले. तिथेही नव्हती. आमच्याकडे पन्नास पावत्यांचं एक पुस्तक उरलं आहे. त्यातल्या एकोणीस फाडून दिलेल्या, बहुतेक चार-चार आण्यांच्या. उरलेल्या कोऱ्या पावत्यांच्या पाठीवर आईने दुधाचा हिशेब लिहिला आहे.

लेखकांना ते पाहायचं असेल तर जरूर कळवा. पुस्तक घराबाहेर देणार नाही, चहा मात्र मिळेल.

आपला,
एक जुना वाचक
शुक्रवार पेठ, पुणे