पिनियन सील बदलल्यानंतर मागून येणाऱ्या आवाजाची तक्रार परस्पर बंद केल्याबद्दल

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. माझी तक्रार ‘ग्राहक समाधानी’ असा शेरा मारून बंद केल्याचं पलीकडून मोठ्या गोड आवाजात कळवण्यात आलं. समाधानी नक्की कोण झालं, असं विचारलं तर उत्तर आलं, “सिस्टिममध्ये तसं दिसतंय सर.” म्हणून हे पत्र सिस्टिमला नाही, तुमच्याकडे गाडी कळणारा जो कोणी असेल त्याला आहे.

डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) पुढच्या तोंडाशी तेल पाझरत होतं. तुमच्या अधिकृत वर्कशॉपने पिनियनचं (शाफ्टकडून ताकद आत नेणाऱ्या छोट्या दातेरी चाकाचं) ऑइल सील बदललं. जॉबकार्डावर तेवढंच लिहिलंय. आधी गाडी गळत होती, पण गप्प होती. ताब्यात मिळाली त्याच संध्याकाळी ताशी ६० किलोमीटरच्या पुढे मागून बारीक ‘कुंऽऽई’ सुरू झाली. ॲक्सिलरेटर दाबला की आवाज वाढतो, पाय काढला की मंदावतो. न्यूट्रलमध्ये टाकून गाडी नुसती धावू दिली तरी येतोच, म्हणजे इंजिनचा नाही. डांबरावरून काँक्रीटवर गेलं तरी सूर तोच, म्हणजे टायरचा नाही. वळणावर कमी-जास्त होत नाही, म्हणजे चाकाचं बेअरिंगही बहुधा नाही. हे सगळं मी येता-जाता कान देऊन शोधलं. तुमच्याकडे रोड टेस्टसाठी पगारी माणूस आहे.

त्या माणसाने काचा बंद केल्या, एसीचा पंखा पूर्ण सोडला आणि गाडी वर्कशॉपच्या आवारातच फिरवली. काटा २० च्या पुढे गेला नाही. “कुठे येतोय आवाज?” म्हणे.

यानंतर काउंटरवर जे झालं ते सविस्तर लिहितो, कारण ते डोक्यातून जात नाही. तुमचे सर्व्हिस ॲडव्हायझर संगणकावरून नजर न हलवता म्हणाले, “टायरचा आवाज आहे सर. तुम्ही आता लक्ष देऊन ऐकताय ना, म्हणून जाणवतोय.” मी म्हटलं, माझा पाय ॲक्सिलरेटरवर आहे की नाही, हे टायरला कसं कळतं? त्यावर ते नुसतेच हसले. मग मी सरळ विचारलं, सील बदलल्यावर पिनियनचा प्रीलोड, म्हणजे त्याच्या बेअरिंगांवर ठेवलेला ठरावीक दाब, कशाने तपासला? त्यांनी खुर्ची फिरवली आणि आत ओरडून विचारलं, “अरे, त्या गाडीचा पिनियन नट टाइट आहे ना?” आतून आवाज आला, “गनने मारलाय!” म्हणजे जोर न मोजता, यांत्रिक पान्याने आवळलाय. खुर्ची परत फिरली. “गनने मारलाय सर. सैल असणं शक्यच नाही.”

सैल आहे असं मी म्हटलंच नव्हतं! मला भीती नेमकी उलटी आहे. दोन पिनियन बेअरिंगांच्या मधली चेपणारी स्लीव्ह एकदा जास्त चेपली की परत फुगत नाही, प्रीलोड वाढतो, बेअरिंग तापतं आणि गाऊ लागतं. हायवेवरून आल्यावर डिफरन्शियलच्या हाउसिंगचं (बाहेरच्या पेटीचं) पुढचं नाक हात ठेववत नाही इतकं तापलेलं असतं, हेही सांगितलं. त्यावर प्रश्न आला, “सर, तुम्ही मेकॅनिक आहात का?” नाही म्हटलं. “मग आम्हाला आमचं काम करू द्या ना.” आणि फॉर्म पुढे सरकवला. “इथे सही करा. फीडबॅकला दहापैकी दहा द्या हं, नऊ दिले तरी आमचे मार्क कापतात.”

मी सही केली नाही. तरी मी समाधानी! पंखा लावून, काचा लावून आवाज शोधणाऱ्यांकडून आणखी काय अपेक्षा करायची म्हणा.

मी हट्ट धरल्यावर तेल काढलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मळी असते, ती चालते, मान्य. पण त्या मळीत नखाएवढी चमकणारी कपची होती. “थोडा चुरा येतोच,” म्हणत तुमच्या माणसाने ती चिंध्यांत पुसून टाकली. पुरावा गेला, फोटो मात्र माझ्याकडे आहे.

आमच्या घरात आधीची गाडीही तुमचीच होती. लोकांनी हीच घ्यावी म्हणून मी सांगत असे. आता कोणी विचारलं तर काय सांगायचं?

तक्रार पुन्हा उघडा. हाउसिंग उघडून बेअरिंगं बघा, नवी स्लीव्ह टाका आणि पिनियन फिरवायला किती जोर लागतो ते मोजून आकडा जॉबकार्डावर लिहा. क्राउन (पिनियनशी जुळणारं मोठं दातेरी चाक) आणि पिनियनचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली फट, डायल गेजने मोजा, दातांवर मार्किंग पेस्ट लावून ते कुठे टेकतात तो पॅटर्न मला दाखवा. दात खराब निघाले तर जोडीने बदला. एकटा पिनियन बदलून ‘होईल सेट’ हे मी ऐकून घेणार नाही. खर्च तुमचा, कारण बिघाड तुमच्या कामातून आलाय. लेखी उत्तर आलं नाही तर जॉबकार्ड, फोटो आणि आवाजाचं रेकॉर्डिंग घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन. तिथे फीडबॅकचे मार्क विचारत नाहीत.

आपला,
(तुमच्या सिस्टिमप्रमाणे) समाधानी ग्राहक

ता. क. गाडी मी चालवत आणणार नाही, तुम्हीच उचलून न्या. पुढची चाकं उचलून, मागची जमिनीवर फिरवत ओढलीत तर तेच बेअरिंग वाटभर फिरेल. सपाट ट्रकच पाठवा. ड्रायव्हरला हे आधी सांगून ठेवा; मी सांगितलं तर तोही विचारेल, मेकॅनिक आहात का.