बापूच्या पिकअपचा काटा

नारायणगाव

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "इंजिनच्या हीटचा काटा महिनाभर सीवरून, म्हणजे थंडच्या खुणेवरून, हललाच नाही, पण गाडी झकास चालतेय." तेव्हापासून मला चैन नाही. मी बाजारात होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझं ऐक. गेल्या पावसाळ्यात टोमॅटोचे क्रेट भरून रात्री कल्याणला निघालो होतो. ओतूर सुटेपर्यंत ठीक होतं. माळशेज उतरायला लागलो आणि काटा चढत चढत एचला, म्हणजे गरमच्या खुणेला, टेकला. पाऊस, धुकं, गाडी बाजूला घ्यायलाही धड जागा नाही. कशीबशी थांबवून बॉनेट उघडलं, तर ना वाफ, ना वास, ना पाणी उकळल्याचा आवाज. परत आल्यावर मिस्त्री म्हणाला, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालचं (हेडखालचं) सील, गेलंय, हेड उतरवावं लागेल. मी हो म्हणणारच होतो. पण एक गोष्ट मनात अडकली. उतारावर इंजिनला ओढायचं काहीच नसतं, मग नेमकी तिथंच गाडी तापेल कशी? चढावर तापली असती तर मी निमूट पैसे मोजले असते. मग आठवलं, त्या रात्री डिझेलचा काटाही वर सरकला होता. टाकीतलं डिझेल काही आपोआप वाढत नाही. म्हणजे दोन्ही काट्यांचं जे सामायिक आहे, तिथंच काहीतरी बिघडलं असणार.

दुसऱ्या दिवशी अंगणात गाडी चालू केली. काटा मध्यावर. हेडलाइट लावले, काटा उचलला. वायपर आणि ब्लोअर लावला, अजून वर. सगळं बंद केलं की खाली. बटण दाबल्यासरशी इंजिन तापत नाही की निवत नाही, बापू. डॅशबोर्डवरचं काट्यांचं मीटर काढलं, तर मागची काळी अर्थची वायर (जिच्यातून मीटरची वीज बॉडीत परत जाते) जिथं बॉडीला बोल्टनं कसलेली असते तिथं सगळा गंज. पॉलिश पेपरनं पत्रा चमकेपर्यंत घासला आणि बोल्ट कसला. त्यानंतर लाइट लावल्यावर काटा कधी उचलला नाही. हेडला हातही लावावा लागला नाही.

तुझं उलटं आहे, आणि मला तुझी जास्त काळजी वाटते. पहाटे दुधाचे कॅन भरून तू चंदनापुरीच्या घाटातून ये-जा करतोस. काटा सीवर बसलेला असताना पाण्याचा पाइप फुटला तर तुला कळणार कसं? इंजिन जास्त तापलं की हेड वाकतं, आणि तो खर्च आपल्यासारख्याला वर्षभर पुरतो.

म्हणून उद्याच सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, आधी रेडिएटरचं पाणी बघ. पाणी कमी असलं की तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं टोक नुसत्या हवेत राहतं आणि काटा थंड दाखवतो, आतून इंजिन भाजत असलं तरी. पाणी भरलेलं असेल तर थर्मोस्टॅटजवळ (इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) तो पितळी सेन्सर आहे. तुझ्या जुन्या मॉडेलला त्यावर एकच वायर येते. चावी ऑन कर, ती वायर काढून क्षणभर इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकव. काटा एचकडे धावला तर मीटर आणि वायर ठणठणीत, सेन्सर बदल. हललाच नाही, तर वायर कुठंतरी तुटलीय किंवा मीटरमध्ये दोष आहे. नवा सेन्सर बसवताना त्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळू देऊ नकोस. त्याला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो.

काटा थोडासा वर येऊन चालत्या गाडीत परत खाली बसतो का, हेही बघ. तसं असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल. तो काढून पातेल्यात पाण्यात टाक आणि पाणी तापव. त्यावर 82 (अंश सेल्सिअस) किंवा असाच आकडा कोरलेला असतो. तेवढं तापल्यावर तो उघडायला लागला पाहिजे, आणि थंड पाण्यात घट्ट मिटलेला हवा. गॅरेजवाले कधी कधी तो काढूनच टाकतात. तसं करू देऊ नकोस. इंजिन कायम थंड राहिलं तर डिझेल जास्त खातं.

रविवारी मी वायरी तपासायला मल्टीमीटर घेऊन येतोच. तोवर दुधाची फेरी धाकट्याच्या गाडीतून कर. आणि गाडी चालवलीसच, तर गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नकोस. उकळतं पाणी तोंडावर येतं.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
नाना